रंग उतरवायचं यंत्र

३ जुलै, गुरुवार

माणसाने किती सोसावं याला काही मर्यादा असावी, अशी गंभीर तक्रार मी आज सर्व संबंधितांकडे नोंदवत आहे. माझे सगळे पांढरे बनियन गुलाबी झाले. लाल झाले असते तर त्यात थोडी बंडखोरी तरी दिसली असती. पण गुलाबी, लग्नातल्या आइस्क्रीमसारखे. माझी भाची ओवी परवा तिची ओढणी इथे विसरून गेली. घरकाम करणाऱ्या शांताबाईंनी ती माझ्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकली आणि वर मलाच ऐकवलं, "आत घालायचेत ना? कोण बघतंय?" फणसवाडीत ज्याची वाळत घालायची दोरी गॅलरीत आहे, त्याचं आतलं असं काही राहत नाही. समोरच्या गॅलरीतून दुपारीच विचारणा झाली, "चिंतामणराव, काय विशेष?"

ओढणी रंगवली माझ्या बहिणीच्या, म्हणजे ओवीच्या आईच्या, दुर्गाताईच्या कारखान्यात, तेव्हा तक्रार मूळ उत्पादकाकडे न्यावी म्हणून ताईला फोन केला. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"तुझे बनियन राहू देत, चिंतू. लालबागचं गटार गुलाबी झालंय. महापालिकेची नोटीस आलीय."

रंगीत पाणी गटारात सोडणं अठ्ठावीस जुलैपर्यंत बंद करा, नाहीतर गाळा सील. आणि गाळ्याच्या मालकाला तिथे टॉवर बांधायचाय. एकदा सील लागलं की तो भाडेकरार मोडणार, आणि मग ताईचा कारखाना परत उघडणं नाही. सीतारामभावोजी गेल्यापासून तिला दुसरं आहे तरी काय?

"तू ये उद्यापासून," ताई म्हणाली. "मला लिहिणारं कुणीतरी हवंय. जेवायलाच ये."

माझं सदर एप्रिलमध्ये बंद झालं. 'वाचक आता बघतात, वाचत नाहीत,' असं संपादक म्हणाले. एकोणीस वर्षं मी दर रविवारी कुणाची ना कुणाची टोपी उडवली. आता रविवारी उठतो, चहा करतो, आणि मग पुढे काय करायचं ते सुचत नाही. ठाकूरद्वारपर्यंत जातो आणि परत येतो. काही कामाने नव्हे. तरी वेळात वेळ काढून ताईला मदत करायलाच हवी.

५ जुलै

लालबागच्या मसाल्याच्या दुकानांमागच्या गल्लीत, एका मसाल्याच्या गिरणीच्या वर हा कारखाना. साड्या, ओढण्या, ढोल पथकांचे फेटे, मांडवाचे पडदे, जे सांगाल ते सांगाल त्या रंगात. भावोजी आणि जयवंत दोघे गिरणीच्या रंगखात्यात होते. गिरणी गेली तेव्हा दोघांनी मिळून हा गाळा घेतला. लग्न झालं तेव्हा आमच्या घराण्याने ताईशी बोलणं टाकलं होतं, कारण आम्ही पिढ्यान् पिढ्या कचेरीत बसणारे आणि जावई हाताला निळा. बोलणं नंतर सुरू झालं. निळा हात मात्र आमच्याकडे शेवटपर्यंत कुणी हातात घेतला नाही.

जयवंत आता कारखान्याचा मास्तर. मला बघून म्हणाला, "येवा, येवा. आता सरकार घाबारला."

नोटिशीला तीन पानी उत्तर लिहिलं. शहरातल्या इतर गटारांच्या रंगांचा तौलनिक आढावा घेतला, आणि गुलाबी हा त्यातला एकमेव प्रसन्न रंग असल्याचं नम्रपणे निदर्शनास आणलं. अर्ज लिहिणं आमच्या रक्तात आहे. पणजोबांच्या अर्जावर म्हणे गोऱ्या कलेक्टरने 'वेल पुट' असा शेरा मारला होता.

ताईने शेवटपर्यंत वाचलं. एकदा हसलीसुद्धा. "छान झालंय. ठेव, मी देते."

जेवायला सुकटीची चटणी आणि भाकरी. दोन वेळा वाढून घेतली.

९ जुलै

ओवी नोकरी सोडून आली. दोन वर्षं रासायनिक कंपनीत होती, त्याआधी माटुंग्याच्या रसायन संस्थेत शिकली. ताई तिला काही बोलली नाही, त्यावरून ती खूप बोलणार होती हे कळलं.

ओवीने आणलेला संसार असा: एक निळी टाकी, तिच्यात टांगायच्या जाळीच्या पट्ट्या, वीज पुरवणारा एक लोखंडी डबा. पट्ट्या टायटॅनियमच्या, वर कसलातरी महागडा लेप. तिच्या साठवलेल्या पगाराचं हेच झालं.

"रंग बसावा म्हणून जयवंतकाका मीठ घालतातच ना?" ती मला समजावत होती. "कापडाला लागला तेवढा रंग लागतो. उरलेला रंग आणि सगळं मीठ पाण्यात राहतं. खारं पाणी वीज मस्त नेतं. पट्ट्यांमधून करंट सोडला की मिठातून क्लोरीन तयार होतो आणि तो रंगाचे तुकडे पाडतो. आपलंच मीठ आपलं काम करणार, मामा!"

कल्पना मला आवडली. ज्या मिठाने रंग चढवायचा, त्याच मिठाने उतरवायचा. राजकारणात याची उदाहरणं आहेत. पुढेही ती बरंच काही सांगत होती, पाणी नंतर ठेवायचं, उन्हात की काय. मी माना डोलावल्या. या विषयावर एक लेख होईल, असं मनात चाललं होतं. तो छापणार कुठे, हे नंतर आठवलं.

जयवंत ताईला एवढंच म्हणाला, "माका चाळीस वर्सां लोक इचारतत, रंग जाणार नाय ना? आता तुमच्या पोरीन रंग घालवूचा यंत्र हाडल्यान."

१० जुलै

यंत्र चालत नाही. फ्यूज उडाला, आणि खालच्या मसाल्याच्या गिरणीचाही उडाला. तिथली बाई मिरच्यांसकट वर आली. आम्ही सगळे शिंकत माफी मागत होतो.

१६ जुलै

चाललं.

राणी रंगाचं उरलेलं पाणी टाकीत भरलं. ओवीने बटण दाबलं. पट्ट्यांवर बारीक बुडबुडे, सोड्याच्या बाटलीसारखे. पंधरा मिनिटं काहीच नाही. जयवंत तोंडातली सुपारी चघळत बघत होता. मग राणीचा गुलाबी झाला, गुलाबीचा माझ्या बनियनांचा, आणि तासाभराने पाण्यातून टाकीचा तळ दिसला. तळाशी ओवीचं हरवलेलं पेन होतं.

ताईने ग्लास बुडवून उजेडात धरला. बराच वेळ धरून उभी राहिली. "ह्यांना दाखवायला हवं होतं," म्हणाली आणि आत जाऊन स्टोव्ह पेटवू लागली, चहा नुकताच होऊन गेला होता तरी.

पाण्याला दादरच्या तरणतलावाचा वास येत होता. लहानपणी सुट्टीत तिथे पोहायला जायचो. याहून स्वच्छतेचा पुरावा तो कोणता?

१९ जुलै

माझी नेमणूक झाली. ओवीने एक खुर्ची दिली आणि सांगितलं, "टाकीजवळ बसायचं. पाणी नितळ झालं की बटण बंद, आणि पाणी गच्चीवरच्या पिंपात सोडायचं. पिंपातलं पाणी दुसऱ्या दिवशीपर्यंत हलवायचं नाही. कळलं? दुसऱ्या दिवशीपर्यंत." मी स्वतःला सल्लागार म्हणवतो. जयवंत मला वॉचमन म्हणतो.

बसवत नाही. उठतो, गल्लीच्या तोंडाशी जातो, मिरचीच्या पोत्यांना वळसा घालून परत येतो. पाणी अजून गुलाबीच. परत जातो.

"चिंतामणराव, तुमच्या पायांक करंट लागलो काय?" जयवंत म्हणाला.

आपलं पत्र वॉर्डात पोचलं का, ताईला विचारलं. "पोचेल की," ती म्हणाली. दोन आठवडे झाले. सरकारी टपाल म्हणजे सरकारी टपाल.

२३ जुलै

ताई फोनवर कुणाशी तरी बोलत होती. "हो गं, रोज येतो. जेवतो नीट. आधी नुसता फिरायचा दिवसभर, आता बरा आहे. नाही, त्याला कळलेलं नाही, कळू देऊ पण नकोस." मी आत गेलो तशी तिने विषय बदलला. बहुधा पंप दुरुस्त करणारा पोरगा. त्याला काय झालं होतं कुणास ठाऊक. दिसायला धडधाकट दिसतो.

एका ढोल पथकाची मोठी ऑर्डर आलीय. बाप्पाच्या आगमनाच्या मिरवणुकीसाठी मोरपंखी फेटे. पथकाचा म्होरक्या मोबाइलवर मोराचं चित्र घेऊन आला होता. "काका, एक्झॅक्ट हाच पायजे. जरा पण हिरवा नको." जयवंतने मोबाइल हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "मोराक सांग, हालू नको."

२६ जुलै, शनिवार

आज मी कारखाना वाचवला.

मोरपंखीची भट्टी, म्हणजे रंग उकळायची कढई, मांडून झाली होती, कापड भिजवून तयार होतं, आणि नळाला पाणी नाही. रस्त्यात कुठेतरी पाइप फुटला होता. टँकर दुपारी तीननंतर. ओवी पाण्याचे नमुने घेऊन माटुंग्याला गेलेली. जयवंत भट्टीभोवती फेऱ्या मारत होता. सोमवारी मुदत संपते, वॉर्डाचे साहेब तपासणीला येणार, आज लॉट निघाला नाही तर फेटे वेळेत देणं शक्य नाही.

तेव्हा माझी नजर गच्चीकडे गेली. सकाळीच टाकीतून भरलेली दोन पिंपं. काचेसारखं पाणी. खारटही, म्हणजे जयवंतचं मीठही वाचणार! आपणच शुद्ध केलेलं पाणी गटारात सोडायचं आणि टँकरवाल्याच्या पाया पडायचं, ही आपल्या समाजाची शोकांतिका आहे, असं मी दोन मिनिटं बोललो. ताई म्हणाली, "ओवीला विचारू या का?" तिचा फोन लागेना. जयवंतने पाण्यात बोट घालून चाखलं. "खारा हा. बरा दिसता."

"उद्यापर्यंत थांबायचं म्हणते ती," मी म्हणालो, "पण ती शाळेत असताना दूधसुद्धा तीनदा उकळून घ्यायची."

ताईने होय म्हटलं. पाणी मी स्वतः पाइप लावून खाली सोडलं. घरी येताना बऱ्याच दिवसांनी शीळ घालत होतो.

२७ जुलै, रविवार

सकाळी आठला ताईचा फोन. "ये."

फेटे दोरीवर होते. मोरपंखी म्हणवत नव्हते. कुठे फिकट, कुठे राखाडी, कुठे पांढरे डाग, गजकर्ण झाल्यासारखे. जयवंत स्टुलावर बसला होता, तोंडात सुपारी नव्हती.

"यंत्रान खाल्ल्यान," तो म्हणाला. "सांगलंय होता मी. रंग घालवूचा यंत्र घरात हाडला, ता रंगच घालवतला."

 ओवीने फेट्याचं टोक नाकाशी नेलं. मग वळून विचारलं, "भट्टीत कुठलं पाणी घातलं?"



"मी घातलं," मी म्हणालो. "पिंपातलं."

"कधी भरलेलं?"

"त्याच सकाळी भरलेलं."

तिने फेटा खाली ठेवला. मला वाटलं रडेल. तर हसायला लागली, आणि मग खरंच रडली. "मामा, त्यात क्लोरीन होता रे! त्यानेच तर रंग उडतो. तो जायला वेळ लागतो म्हणून तर पिंपं उन्हात ठेवायची. मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

सांगितलं होतं, तेव्हा मी लेख लिहीत होतो. तलावाचा वास आला तेव्हाही मला लहानपण आठवलं. तिथे पोहून आमचे लाल लंगोट एका सुट्टीत पांढरे व्हायचे, हे मात्र आठवलं नाही.

फेटे आता परत, जास्त गडद रंगवावे लागणार. ते एक. पण खरी अडचण दुसरी. आधीच्या लॉटचं पाणी, बिघडलेल्या लॉटचं पाणी, फेटे परत रंगवायचं पाणी, सगळ्यातून वीज सोडून रंग काढता येईल, पण उद्या सकाळी साहेब येणार आणि क्लोरीन जायला ऊन नाही, वेळ नाही. क्लोरीनचं पाणीही गटारात सोडता येत नाही.

"एकदाच सोडू या ना तसंच," मी म्हणालो. "रविवार आहे. गटारात कोण बघतंय?" बोलल्यावर शांताबाईंचा आवाज कानात आला.

ताईने माझ्याकडे पाहिलं. "खाली मिरचीवाल्यांची मुलं त्या गटारावरून उड्या मारत शाळेत जातात. वीस वर्षं मी रंग सोडला, माहीत असून सोडला. आता पोरीने हे आणल्यावर नाही सोडणार. लागू दे सील."

जयवंतने मान वर केली.  "वहिनीन सांगल्यान ना," म्हणत उठला आणि फेटे दोरीवरून उतरवू लागला.

"हायपो मिळाला तर होईल," ओवी डोळे पुसत म्हणाली. "क्लोरीन मारतो तो. पण रविवारी केमिकलवाले बंद."

हायपो! फोटो धुवायच्या काळ्या खोलीत असायचा तो. आमच्या शाळेतला रमाकांत ठाकूरद्वारला अजून फोटो स्टुडिओ चालवतो. आता फक्त पासपोर्टचे फोटो काढतो, पण तो कधी काही फेकून देत नाही. टॅक्सी केली. रमाकांत बनियनवर दारात बसला होता.

"हायपो आहे का रे?"

"चिंत्या, तू फिल्म धुतोयस?"

"गटार धुतोय."

त्याने माळ्यावरून दोन डबे काढले. खडीसाखरेसारखे स्फटिक, थोडे चिकटलेले. पैसे काढले तर हात झटकला. "ते ठेव. तुझी बहीण रंगवते ना? हा मागचा पडदा बघ. काळा होता, आता तपकिरी झालाय. लोकांचे फोटो चहा सांडल्यासारखे येतात. काळा करून दे. सवडीने."

पडदा काखोटीला मारून परत आलो. दिवसभर ओवी चमचाचमचा हायपो टाकत होती आणि कागदाच्या पट्ट्या बुडवत होती. पट्टी निळी होते तोवर क्लोरीन आहे. मी ढवळायचं काम केलं. कुणी खुर्ची दिली नाही, मीही मागितली नाही. दिवेलागणीला पट्टी पांढरी राहिली. जयवंतने स्वतः आणखी एक बुडवून बघितली. तीही पांढरी.

"पोरगी हुशार हा," तो मला हळूच म्हणाला. "मामावर गेली नाय."

२८ जुलै, सोमवार

साहेब आले. तरुण, घामाघूम, हातात बाटल्यांची पिशवी. गटार बघितलं, टाकी बघितली. ओवीने त्यांच्यासमोर यंत्र चालवून दाखवलं. ते तासभर उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. नितळ पाणी बाटलीत भरताना त्यांनी बाटली उजेडात धरली, अगदी ताईने धरली होती तशी.

मी माझ्या पत्राचा विषय काढला. "कुठलं पत्र?" साहेब म्हणाले. "आमच्याकडे काही आलं नाही." मी ताईकडे पाहिलं. ती पंख्याकडे बघत होती. तीन पानं! या देशात लेखनाला किंमत नाही ती अशी.

निकाल: सील नाही. मंजुरीही नाही. तीन महिन्यांची मुदत, दर महिन्याला नमुना, आणि शेवटी पाण्यात मासे ठेवून बघणार, जगतात का.

"मासे सोडूचे खंय, सायेब?" जयवंतने विचारलं. "पाण्यात की कालवणात?"

साहेब पहिल्यांदा हसले.

ते गेल्यावर ताई दारात उभी होती. चार माणसं तिला काहीतरी विचारत होती. मग तिने पदराने चेहरा पुसला आणि माझ्याकडे वळली. "चल, आता लिहायचं काही उरलं नाही बाबा. तुझी सुटका."

मी खिशातलं पेन काढून बघितलं आणि परत ठेवलं. 

"सुटका कसली?" जयवंत भट्टीत डोकं घालून म्हणाला. "उद्या जांभळ्याचो लॉट हा. सकाळी धा वाजता येवा. आणि जुने कपडे घालून येवा."

३१ जुलै

फेटे गेले. मोरपंखी नाहीत, गडद निळे. म्होरक्याने तोंड वाकडं केलं, भाव पाडला, आणि जाता जाता एक डोक्याला गुंडाळून आरशात दोनदा बघितलं.

उरलेला तोटा ओवीने स्वतःच्या नावावर मांडला होता. ताईने तो खोडून कारखान्याच्या नावावर मांडला. जयवंत म्हणाला, अर्धा यंत्राच्या नावावर घाला. माझं नाव कुणी काढलं नाही. दुपारभर ढवळत होतो, ठाकूरद्वारचा फेरा झालाच नाही हे घरी येऊन कळलं.

३ ऑगस्ट, रविवार

कारखाना बंद. रमाकांतच्या पडद्यासाठी किल्ली जयवंतकडून घेतली. तो म्हणाला, एकटे खंय जातास, आणि मागोमाग आला. पायरीवर पेपर वाचत बसला, आत आला नाही.

काळ्याला सगळ्यात जास्त मीठ लागतं. पेपरामागून सूचना येत होत्या. "आता टाका. एकदम नको. हलवा. कापूस हा तो, झोपलेलो नाय, हलवा." पडदा जड, भिजल्यावर दुप्पट. तीनदा हातातून निसटला. पहिल्यांदा काढला तर जांभळट दिसला. "परत घाला," पेपर म्हणाला. परत घातला.

मग उरलेलं पाणी टाकीत. बटण. काळा रंग जायला फार वेळ लागतो. हायपो रमाकांतच्याच डब्यातला, तळाशी राहिलेला. पट्टी बुडवली, निळी. थोडा अजून. पांढरी. पाणी सोडून दिलं.

तोवर पडदा गच्चीवर वाळला होता. जयवंतने कोपरा उलटून बघितला, दोन बोटांत चोळला, बोटं बघितली. "हां," म्हणाला, आणि पेपर घडी करून घरी गेला.

ठाकूरद्वारला गेलो तर रमाकांत दुकानात नव्हता. त्याच्या बायकोला म्हटलं, जरा स्टूल द्या. पडदा दांडीला लावला. चुण्या सारख्या केल्या. ती चहा टाकायला आत वळली, तेवढ्यात निघालो.